दोनशे अकरा माणसांची वस्ती

आधी गुन्हा कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगायला मोकळा. मागच्या उन्हाळ्यात आमची कंपनी सोळा दिवस बंद होती. त्या सुट्टीत मी घरच्या गेम खेळायच्या कन्सोलची साफसफाई काढली आणि त्यात माझ्या आईने चौदा महिने खपून उभी केलेली एक अख्खी वस्ती पुसून टाकली. खेळातली वस्ती, पण वस्तीच. आई माझ्या पाठीमागे दोन हातांवर गवार मोडत बसली होती आणि मी तिला न विचारता बटण दाबलं.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वय एक्केचाळीस, डिप्लोमा मेकॅनिकल, स्वभाव किरकिरा. बायको म्हणते, मी बटाट्याच्या फोडीसुद्धा व्हर्निअर लावून तपासतो. हे खोटं आहे, पण तिला सांगून उपयोग नाही. पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो: मी, बायको आणि आई. बायको सकाळी चिंचवडला तिच्या ऑफिसला जाते, मी त्याच्याही आधी कंपनीच्या बसने चाकणला. वडील पिंपरीला फाउंड्रीत होते, त्यांना जाऊन आठ वर्षं झाली.

आई मूळची धाराशिवकडची. लग्न होऊन आली ती चिंचवड स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत, आणि तिथे तिने वीस वर्षं रबरी बुशांची कड काढली. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. साच्यातून निघालेल्या रबराच्या तुकड्याला कडेने एक पातळ पापुद्रा राहतो. तो छोट्या पात्याने गोल फिरवून कापायचा, आतल्या कडेला धक्का न लावता. टेम्पो सकाळी पोतं टाकून जायचा आणि संध्याकाळी न्यायचा. आमच्या चाळीत घरोघरी बायका दारात बसून हेच करायच्या. आईचे अंगठे त्यामुळे असे तयार झाले आहेत की आजही ती बोलता बोलता वाटाणे सोलते आणि खाली बघत नाही.

आता कन्सोलचं. मला गेम विकत घ्यायचा नाद आहे, खेळायचा नाही. सेल लागला की घ्यायचे, सुट्टीत खेळू म्हणायचं, आणि सुट्टी लागली की झोपायचं. आठ वर्षांत चौतीस जमले होते. त्यातले पूर्ण केलेले दोन. बाकी बत्तीस यादीत पडून, आणि टीव्ही लावला की ती सगळी चित्रं माझ्याकडे ऑडिटरसारखी बघायची.

तेवढ्यात कंपनीत ब्लॉक क्लोजर लागलं. गाड्यांचा उठाव कमी झाला की कंपन्या काही दिवस लाइन बंद ठेवतात, त्याला आमच्या पट्ट्यात असं म्हणतात. सोळा दिवस! मी ठरवलं की पेंडिंग संपवायचं, आणि ते पद्धतशीर संपवायचं.

पद्धत कंपनीचीच. आमच्याकडे दर तिमाहीला लाल टॅगची मोहीम असते. जी वस्तू वापरात दिसत नाही तिला लाल टॅग लावायचा, त्यावर तारीख टाकायची आणि ती सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवायची. ठरलेल्या मुदतीत कुणी येऊन ‘ही माझी आहे’ म्हटलं तर टॅग काढायचा, नाहीतर भंगार. या मोहिमेचा प्रमुख मीच. मी घरी तसाच तक्ता बनवला आणि फ्रिजवर लावला. बत्तीस गेमची नावं, पुढे शेरा. जे खेळायचे त्यांना हिरवी टिकली आणि जे काढायचे त्यांना लाल. मुदत सात दिवस, कारण घरात माणसं तीनच. सगळ्यात खाली एक ओळ जास्तीची होती. कन्सोलवर माझ्या खात्याशेजारी दुसरं एक खातं होतं, भाचीच्या नावाचं. ती दोन वर्षांपूर्वी कॉलेजसाठी आमच्याकडे राहिली होती आणि आता नोकरीला बंगळुरूला आहे. मी शेरा लिहिला: मालक हजर नाही. पुढे लाल टिकली.

तक्ता मी इंग्रजीत लिहिला. कंपनीचा फॉर्म इंग्रजीत असतो, हात त्याच वळणाचा. बायकोने वाचला आणि ‘घरातपण ऑडिट का?’ एवढंच विचारलं. आई चौथी शिकलेली, मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते. ती रोज दूध काढायला फ्रिज उघडायची, तक्त्याकडे बघायची आणि दार लावायची. कंपनीचं काहीतरी असेल, असं तिला वाटलं. ही माझी पहिली चूक, आणि ती मी फॉर्म अगदी बरोबर भरून केली.

पण ते आठ दिवस काय होते, हेही सांगितलं पाहिजे.

पहिला खेळ बर्फाच्या डोंगराचा. एकटा माणूस, दोन दोर, आणि चढायचं. लढाई नाही, शत्रू नाही. प्रत्येक हात कुठे टाकायचा ते आपण ठरवायचं, चुकला की दहा पुरुष खाली. मी सकाळी बसलो ते दुपारच्या जेवणालाच उठलो आणि पुन्हा बसलो. आई मागे गवार मोडत बघत होती.

“वर काय हाय?” तिने विचारलं.

“माहीत नाही. बघू.”

वर काहीच नव्हतं. शेवटचा हात टाकला, माणूस उभा राहिला, आणि समोर ढग खाली होते. संगीत थांबलं. वारा आणि त्या माणसाचा श्वास, दुसरं काही नाही. बक्षीस नाही, बिल्ला नाही. मे महिन्यात, पिंपळे सौदागरला, पंखा पाचवर असताना मला थंडी वाजली. मी हातातलं बटणांचं यंत्र खाली ठेवलं आणि नुसता बघत राहिलो. मागे गवारीचा आवाजही थांबला होता.

मग पडद्यावर नावं यायला लागली. मी सवयीने बंद करायला गेलो.

“थांब की,” आई म्हणाली. “नावं जाऊ दे.”

ती नावं संपायला अकरा मिनिटं लागली. डोंगर कुणी काढला, बर्फ कुणी केलं, पावलांचा आवाज कुणी दिला. तपासणारे, जेवण देणारे, ऑफिस झाडणारे. शेवटी तर तो खेळ बनत असताना त्या लोकांच्या घरी जन्मलेल्या बाळांची नावं. मी आईला वाचून मराठीत सांगत होतो. तिचा विश्वास बसेना.

“झाडणाऱ्याचं बी?”

“हो.”

“वीस वर्षं बुश काढले रं मी,” ती म्हणाली. “कुठल्या गाडीत बसले, ते बी ठावं न्हाई.”

मी क्वालिटीतला माणूस. मला माहीत आहे की ते बुश चाकाच्या वर, आत, कुणाला न दिसणाऱ्या जागी बसतात आणि खड्ड्याचा दणका खातात. मी तिला ते सांगितलं. तिने मान हलवली. त्यानंतर आम्ही एकाही खेळाची नावं सोडली नाहीत.

दुसरा खेळ वाळवंटात पुरलेल्या एका यंत्रनगरीचा. त्यात मी नायकापेक्षा इन्स्पेक्टर जास्त होतो. वाळूत अर्धा गाडलेला लोखंडी दरवाजा, त्याच्या रिबिटा मोजल्या, अंतर सारखं. मग गंमत म्हणून मागच्या बाजूने गेलो. तिथे जायचं काही कारण नाही, खेळणाऱ्या हजारात एकही जाणार नाही. दरवाजाच्या मागे वेल्डिंगचा मणी होता. हाताने केलेल्या वेल्डिंगचा, कोपऱ्यात जरा जाड झालेला, जसा खऱ्या वेल्डरचा हात वळताना होतो. जगाच्या पाठीवर कुठेतरी बसलेल्या कुणीतरी, कुणी बघणार नाही हे माहीत असताना, तो कोपरा जाड काढला होता. आमच्याकडे ऑडिटच्या दिवशीसुद्धा लोक मागची बाजू रंगवत नाहीत. माझे डोळे भरून आले, आणि मी वेल्डिंग बघून रडतोय हे बायकोला कळू नये म्हणून चष्मा पुसत बसलो.

तिसरा समुद्राखालचा. उतरत जायचं, उजेड कमी कमी होत जाणार, आणि मग अंधारात शेजारून काहीतरी जायला लागतं. जात राहतं. संपतच नाही. दीड मिनिट तो देवमासा बाजूने जातो आणि शेवटी त्याचा डोळा आपल्यासमोर येऊन थांबतो. “अगं बाई,” आई म्हणाली, आणि तिने पदर तोंडाला लावला. मला फार आनंद झाला. आयुष्यभर दारात बसून पोती उपसलेल्या आईला मी हे दाखवतोय, असं मनात आलं. मोठेपणाच वाटला म्हणा ना.

खरं तर ती माझ्या उठण्याची वाट बघत होती.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “कंपनीतून बोलावणं न्हाई आलं का?” मला वाटलं, नोकरीची काळजी. पाचव्या दिवशी म्हणाली, “जरा पाय मोकळे करून ये की, सारखं बसून बसून पाठ धरंल.” मला वाटलं, तब्येतीची काळजी. सहाव्या दिवशी तिने मला लांबच्या मंडईतून शेवग्याच्या शेंगा आणायला पाठवलं, आणि मी त्या खालच्या दुकानातून आणून दहा मिनिटांत हजर झालो. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी शेंगा चांगल्या आहेत का ते तपासत होतो.

आठव्या दिवशी मुदत संपली. मी लाल टिकलीचे गेम एकेक काढले. शेवटी भाचीचं खातं. कन्सोलने दोनदा विचारलं, यातलं सगळं जाईल, नक्की का? मी दोनदा नक्की म्हटलं.

“काय काढलंस?” आईने मागून विचारलं.

“काही नाही. ताईच्या पोरीचं जुनं काहीतरी पडलं होतं. भंगार.”

“बरं,” ती म्हणाली.

नवव्या दिवशी कंपनीने अर्ध्या दिवसासाठी बोलावलं, मोजमापाचे गेज तपासून ठेवायला. दुपारी परत आलो आणि लॅचची किल्ली फिरवून आत शिरलो, तर आई सोफ्यावर बसलेली. पाय वर घेऊन, पाठ ताठ. कन्सोलचं बटणांचं यंत्र तिच्या हातात होतं, आणि ते तिने धरलं होतं तसं मला आजवर धरता आलेलं नाही. दोन्ही अंगठे हलके, नुसते टेकलेले. टीव्हीवर माझ्या एकट्याच्या खात्याचं गोल चित्र दिसत होतं.

ती दचकली नाही. तिने मला विचारलं, “ते दुसरं गोल कुठं गेलं रं?”

मला कळायला वेळ लागला. मग एकदम कळलं. 

मी भाचीला फोन लावला. “मामा, तू डिलीट केलंस?” ती ओरडलीच. “अरे आजीचं होतं ते! मी जाताना तिला शिकवून आले होते. तुम्ही दोघं गेलात की रोज दोन तास बसायची. मला व्हिडिओ पाठवायची.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुला सांगू नको म्हणाली होती. तू हसशील म्हणून.”

परत मिळवायचा काही मार्ग आहे का, हे मी तिला विचारलं, कंपनीतल्या आयटीच्या पोरांना विचारलं, इंटरनेटवर दुपारभर शोधलं. त्या खात्याची दुसरीकडे कुठे नक्कल नव्हती. गेलं ते गेलं. मी आईसमोर जाऊन सांगितलं. तिने ऐकलं, “बरं” म्हणाली आणि तांदूळ धुवायला उठली. मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. जेवताना दोन घास खाऊन ती ताटावर थांबली.

“दोनशे अकरा माणसं होती,” ती म्हणाली. “कुठं गेली असतील?”

बायकोने माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने आईचे सगळे व्हिडिओ मला पाठवले. सत्तावीस होते. आईने फोन हातात धरून टीव्हीचे काढलेले, हलणारे, मध्येच कुकरची शिट्टी. ‘जयभीम गं बाळा, हे बघ आज काय केलं,’ अशी प्रत्येकाची सुरुवात. मी बाल्कनीत उभा राहून ते बघितले आणि मग खाली बसून पुन्हा बघितले.

हा खेळ मला माहीत होता. ओसाड डोंगर देतात, त्यावर पाणी आणायचं, वाटा पाडायच्या, झाडं लावायची. जागा राहण्यासारखी झाली की माणसं येतात. नाही झाली तर आलेली माणसं निघून जातात. मी तो घेतल्या संध्याकाळीच सोडला होता, कारण झरा डोंगराच्या एका अंगाला आणि सपाट जमीन दुसऱ्या अंगाला, आणि मधला कणा ओलांडून पाणी काही जाईना. दोन तास डोकं आपटून मी ‘बोगस’ म्हणून बंद केला. माझ्या तक्त्यावर त्याच्यापुढे लाल टिकली होती आणि शेरा होता: डिझाइन सदोष.

आईने पाणी कण्यावरून नेलंच नव्हतं. तिने ते मागून नेलं होतं. डोंगराला पूर्ण वळसा घालून, बोटभर उतार देत देत, वाटेत सात ठिकाणी थांबवून, झाडांना पाजून, मग सपाटीवर. मी डिप्लोमावाला. मी व्हिडिओ थांबवून उताराचं गणित केलं. एका वळणावरही चूक नव्हती. आतल्या कडेला धक्का न लावता तिने अख्खा डोंगर गोल सोलला होता.

आणि वाटा! एकही गल्ली बंद होत नव्हती. प्रत्येक गल्ली कुठेतरी निघायची. प्रत्येक वळणावर दिवा. घराघराच्या दारात बाहेर बसायला ओटा, आणि प्रत्येक ओट्यावर दुपारच्या उन्हाला झाडाची सावली. एका व्हिडिओत ती भाचीला सांगत होती, “पाण्याला कुणी लांब जायचं न्हाई. धा पावलांत पाणी, असं केलंय.” पडद्यावरची बोटाएवढी माणसं ओट्यावर येऊन बसत होती, उठत होती, दिव्याखालून चालत होती. मी बर्फाच्या डोंगरावर थक्क झालो होतो, देवमाशाच्या डोळ्यासमोर थक्क झालो होतो. हे बघून मात्र मला बसल्या जागी घाम फुटला. हे माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, मी चाकणला बुशांचे व्यास मोजत असताना रोज दोन तास घडत होतं. पहिल्या शिफ्टहून मी घरी यायचो, आई चहा टाकायची आणि ‘दमलास का’ विचारायची. मी तिला कधी विचारलं नव्हतं की आज तू काय केलंस.

माझ्यासारखा माणूस चूक झाली की लगेच दुरुस्तीला लागतो. मी आईला म्हटलं, “तू नुसती बसून सांग. मी सगळं जसंच्या तसं करून देतो. चार दिवसांत उभं करू.” तिने जरा विचार केला आणि हो म्हणाली. लाल टिकली लावून काढलेला तो खेळ मी पुन्हा उतरवून घेतला.

दिवसभर ती सांगत होती आणि मी करत होतो. तिला सगळं पाठ होतं. कुठल्या दगडाशी पाणी वळतं, कुठल्या ओट्यावर लिंब आहे, वरच्या गल्लीतली म्हातारी कुठे बसते. माझे अंगठे तिच्या मागे पुरत नव्हते. “हळू,” ती म्हणायची. “पाण्याला घाई करू नको.” चार वाजेपर्यंत पाणी अर्ध्या वळशावर आलं आणि सपाटीवर पहिल्या बारा घरांच्या रेघा पडल्या. मला बरं वाटायला लागलं होतं. थोडं माफ झाल्यासारखं.

“आता आपलं घर कुठं?” मी विचारलं. “ते पहिलं करू.”

तिने मांडीवरचा पदर सारखा केला.

“व्हिडिओत दिसलं नाही म्हणून विचारतो. तू, मी, ही. की बाबापण? मोठं होतं का?”

“ते वर हाय,” तिने बोट दाखवलं. वस्तीपासून जरा बाजूला, पाणी पहिल्यांदा वळतं तिथे एक लहानशी सपाट जागा होती. “एक खोली. एक खाट. खिडकी खालच्या अंगाला.”

“एका खोलीत आपण सगळे?”

“न्हाई,” आई म्हणाली. “तिथं मी एकटीच ऱ्हायची.”

मी वळून बघितलं. ती टीव्हीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण वगैरे काही नव्हतं.

“लग्न होऊन आले तवा दोन खोल्यांत सात माणसं. मग तुमी दोघं भावंडं. मग ती पोती. आता हितं. मला कुणी तरास दिला न्हाई, माझी तक्रार न्हाई कुणाची. पण एक खोली माझी म्हणून कवाच नव्हती. तिथं होती. सकाळी तुमी दोघं गेलात की मी तिथं जायची. कुणाचा डबा न्हाई, कुणाला चा न्हाई. खिडकीतनं माणसं बघायची.”

मला वाईट वाटलं, आणि ते कशाचं वाटलं तेही खरं सांगतो: तिच्या जगात मी नव्हतो, याचं. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, आणि मला त्याचं रडू येत होतं. त्यानंतर मग, उशिरा, दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. मी जी पुसली ती तिची एकुलती एक खोली होती. आणि आता मी तीच खोली स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खात्यात, तिच्या शेजारी बसून बांधून देणार होतो.

तिलाही तेच दिसलं असावं. “हे नको,” ती म्हणाली. “तू चांगलं केलंयस. पण हे नको. पुसून टाक.”

“दिवसभराचं काम आहे, आई.”

“पूस.”

कन्सोलने दोनदा विचारलं. मी दोनदा तिच्याकडे बघितलं, आणि दोनदा तिने मान हलवली. मग मी तिचं वेगळं खातं उघडलं. “नाव काय लिहू?” म्हटल्यावर तिने माहेरचं नाव सांगितलं, लग्नाआधीचं, आडनावाशिवाय. मी ते मराठीत लिहिलं. इथे लिहीत नाही, कारण तशी तिची परवानगी घेतलेली नाही.

क्लोजरचे सहा दिवस उरले होते. माझे हिरव्या टिकलीचे एकोणीस गेम अजून तसेच पडून होते. दुसऱ्या दिवशी बायको ऑफिसला गेली, आणि साडेआठ वाजता मी शर्ट घातला.

“कंपनीत बोलावलंय का?” आईने विचारलं.

“नाही. जरा बाहेर जातो. साडेदहापर्यंत येतो.”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “ऊन लागंल,” म्हणाली, पण थांब म्हणाली नाही.

खाली सोसायटीच्या बाकावर माझ्यासारखेच क्लोजरवाले दोघं-तिघं बसलेले असत. “काय राव, घरातनं हाकललं का?” त्यांनी विचारलं. “हो,” मी म्हटलं. दोन तास बसायला फार असतात. मी सिक्युरिटीवाल्याच्या वहीतल्या चुका काढल्या, पार्किंगचे पट्टे वाकडे आहेत ते कुणाला तरी दाखवलं, आणि मग गप्प बसलो. असे पाच दिवस गेले. आईने काय केलं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. जेवण मात्र ती पोटभर जेवायला लागली होती.

शेवटच्या दिवशी साडेदहाला वर आलो. किल्ली काढली, लॅचपर्यंत नेली, आणि तिथेच हात थांबला. किल्ली खिशात टाकली आणि बेल वाजवली.

“कोण?”

“मी.”

“थांब रं जरा,” आतून आवाज आला. “पाणी येऊ दे.”

मी थांबलो. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या. मला माझ्याच दाराबाहेर उभा बघून म्हणाल्या, “चावी विसरलात का?”

“नाही,” मी म्हटलं. “आत आई आहे.”

आतून एकदाच, हलकीच टाळी ऐकू आली. मग बराच वेळ काही नाही. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.